चौतीस थरांचा राखाडी घोडा

१

वेंडेल ट्रॉयरने आयुष्यात एकोणीस लाकडी घोडे खरवडून पुन्हा उभे केले होते. विसावा शेवटचा, असं वचन त्याने बायकोला दिलं होतं. अशी वचनं त्याने याआधीही दोनदा दिली होती आणि दोनदा गिळली होती, पण या वेळी प्रश्न इडेलाच्या छातीचा होता. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, की हा हिवाळा कसाबसा निघेल, ओहायोतला पुढचा हिवाळा या फुफ्फुसांना झेपायचा नाही. कोरड्या हवेत जा. इडेलाची बहीण लिओरा ॲरिझोनात होती. तिने आपल्याच गल्लीत एक छोटं घर बघून ठेवलं होतं. एप्रिलात निघायचं. तोवर हा घोडा संपवून गावाच्या हवाली केला, की सुटलो.

हार्लन फॉल्स गावाने जुनं मेरी-गो-राउंड पुन्हा उभं केलं होतं. सगळ्या दांड्यांवर घोडे चढले होते, एकच दांडा रिकामा होता. समितीच्या प्रुइटबाई दर सोमवारी फोन करून घोड्याची तब्येत विचारायच्या, आणि वेंडेल दर सोमवारी तेच उत्तर द्यायचा.

खरं तर हा राखाडी घोडा त्याने सगळ्यात आधी घेतलेला. सत्तावीस वर्षांपूर्वी सिल्व्हर एल्म नावाचं करमणुकीचं पार्क बंद पडलं, तेव्हा तिथल्या मेरी-गो-राउंडचे घोडे सुटे करून एकेक विकले गेले. वेंडेल तेव्हा ओतशाळेत लाकडी साचे करायचा. लाकडाचा माणूस, त्यामुळे एक घोडा घेतला, आणि तिथून ते वेड लागलं. ताटातला आवडीचा घास काही लोक शेवटी ठेवतात. वेंडेल त्यांच्यातला. राखाडी घोडा वर्कशॉपच्या कोपऱ्यात चादरीखाली उभा राहिला आणि बाकीचे एकोणीस त्याच्यासमोरून आले नि गेले.

आता त्याचे हात थकले होते. गुडघे तर बोलायलाच नकोत.

कामाची सुरुवात त्याने नेहमीसारखी केली. पार्कवाले दर हिवाळ्यात घोड्यांवर नवा रंग फासायचे. जुना खरवडायला वेळ कुणाला होता? म्हणून संग्राहकांचा धर्म एकच, वरचे सगळे थर काढायचे आणि कारखान्यातला पहिला रंग शोधायचा. वेंडेलने मानेवर नाण्याएवढी जागा निवडली आणि तिथे पायऱ्या पाडत खाली गेला. हिरवा, मग पिवळट, मग विटकरी, पुन्हा हिरवा. भिंग लावून मोजले. चौतीस थर, चौतीस हिवाळे.

तशीच पायरी त्याने खोगिरावर पाडली आणि थबकला. बसून बसून खोगीर झिजतं. तिथले थर नेहमी पातळ असतात, मधले काही तर नसतातच. इथे चौतीसच्या चौतीस, मानेवर होते तेवढेच जाड. रिकिबीची कडही कोरी. म्हणजे चौतीस वर्षांत या घोड्यावर कुणी बसलंच नव्हतं.

मागच्या रांगेत असेल, आडबाजूला, असं त्याने मनाशी म्हटलं आणि रंग सोडवायच्या औषधाचा डबा उघडला.

२

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मानेचा रंग निघाला. औषध लावायचं, रंग फुगू द्यायचा, पात्याने ओढायचा. ओढ, पूस, ओढ. हे काम डोकं बाजूला ठेवून करता येतं आणि वेंडेलला हल्ली तेच बरं वाटायचं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं, की हात थांबला तरी आवाज लगेच थांबत नाही. तो पातं उचलायचा आणि त्यानंतर घोड्याच्या पोटात खर्रर्र असं एकदा व्हायचं. एकदाच. आवाज घुमत असेल. हे घोडे म्हणजे सरसाने जोडलेल्या फळ्यांच्या पोकळ पेट्याच असतात. तबल्यावर थाप मारली तर तोही घुमतो, त्याला कुणी भूत म्हणत नाही.

मग त्याने मुद्दाम सात वेळा ओढलं आणि कान दिला. आठवा आवाज आतून आला.

दुपारी इडेला कॉफी घेऊन दाराशी आली. धुळीमुळे तिला वर्कशॉपमध्ये यायची मनाई होती, म्हणून ती उंबऱ्यावर उभी राहून बोलायची. वेंडेल म्हणायचा, इन्स्पेक्टर आली.

"कोण आलंय तुझ्याकडे?" तिने विचारलं.

"कुणी नाही. का?"

"स्वयंपाकघरात दोघं खरवडताना ऐकू येतंय. म्हटलं, म्हातारपणी मदतनीस ठेवलास की काय."

"लाकूड घुमतं."

"एकोणीस घोडे झाले, तेव्हा नाही घुमलं ते." एवढं बोलून तिला खोकला आला. तिचा खोकला सुटला की लवकर आवरायचा नाही, आणि शेवटी श्वास आत ओढताना बारीक शीळ वाजायची. वेंडेल पातं हातात धरून ती शीळ ऐकेपर्यंत उभा राहिला. मग तिला दार लावून घ्यायला सांगितलं. तिच्या त्या शिळेची त्याला फार भीती वाटायची.

३

एका सकाळी घोड्याच्या पोटाखाली रंगाच्या कपच्यांचा ढीग होता. मूठभर असेल. आदल्या दिवशी वेंडेलने मागच्या पायांवर काम केलं होतं आणि जाताना झाडूही मारला होता. पाठीपासून पोटापर्यंत दांडा ज्या भोकातून जातो, कपच्या बरोबर त्या भोकाखाली पडल्या होत्या. हिरव्या, पिवळट, विटकरी.

भोकातून पडल्या म्हणजे आतून पडल्या. आतून रंग असायचं कारण काय? वेंडेलने स्वतःला समजावलं, की भोकाच्या कडेने इतकी वर्षं रंग ओघळून आत गेला असेल, औषधाच्या वाफेने तो सुटला असेल. मग त्याने एक कपची उभी धरून भिंगाखाली पाहिली. चौतीस थर होते. ओघळ असा शिस्तीत चौतीस वेळा जात नाही, हे त्याला कळत होतं. कळत होतं तरी तो कामाला लागला, कारण एप्रिल थांबणार नव्हता.

पहिला रंग फक्त पोटावर सापडला, तळहाताएवढा, सुंदर ठिपक्यांचा राखाडी. बाकी सगळीकडे तो उखडला होता, म्हणून वेंडेल लाकडापर्यंत गेला. मग तीन दिवस पॉलिशपेपरने लाकूड घासलं. त्या तीन दिवसांत आतला आवाज बारीक झाला, घासल्यासारखा, आणि वेंडेलपेक्षा प्रत्येक वेळी एक हात जास्त.

चौथ्या दिवशी भोकाखाली लाकूड पडलं होतं. ताजं, पांढरं, कुरळ्या सालींचं.

वाळवी किंवा भुंगा असेल, असं त्याने म्हणून पाहिलं. पण भुंग्याची भुकटी पडते, साली पडत नाहीत. साल निघते ती पात्याने. त्याने एक साल उचलून खिडकीपाशी नेली. तिच्यावर लांबीभर एक बारीक रेघ उठलेली होती. वेंडेलच्या पात्याला गेल्या वर्षीपासून एक खाच पडली होती आणि त्याने ओढलेल्या प्रत्येक सालीवर अशीच रेघ उठायची. त्याने स्वतःची एक साल शेजारी ठेवली. रेघा तंतोतंत जुळत होत्या, फक्त उलट्या बाजूला.

त्या दिवशी त्याने पुढे काही केलं नाही. घरात जाऊन इडेलाबरोबर घेवड्याचं सूप प्यायला. घोडा कुठवर आला, असं तिने विचारलं, तर म्हणाला, आता फार राहिलं नाही.

४

सांधे तपासायला वेंडेलची एक जुनी पद्धत होती. वायरला छोटा दिवा बांधून दांड्याच्या भोकातून आत सोडायचा आणि बाहेरचा दिवा घालवायचा. सांधा फुटला असेल तिथून उजेडाची रेघ दिसते.

दुपारचे तीन वाजले होते. बाहेर बर्फाचं आभाळ होतं, त्यामुळे खिडक्या नुसत्या करड्या. त्याने ट्यूब घालवली.

रेघ कुठेच दिसली नाही. घोड्याची कूसच तांबूस उजळली, टॉर्चवर तळहात धरला की उजळतो तशी. इंचभर जाडीची फळी होती ती. आता बरगड्यांपाशी पोस्टकार्डाएवढी पातळ उरली असेल. पेन्सिलीचं टोक जोरात टेकवलं असतं तर आरपार गेलं असतं.

किती ऊब लागते, एवढंच बघायला वेंडेलने तिथे हळूच तळहात टेकवला.

आतून काहीतरी काळसर सरकत आलं, दिवा आणि फळीच्या मधून. ते त्याच्या हाताखाली येऊन थांबलं आणि त्याची बोटं होती तिथे तिथे बोटं झाली.

माझीच सावली, हा पहिला विचार. पण उजेड आत होता. बाहेरच्या हाताची सावली आत पडत नाही, हे शाळेतलं पोरही सांगेल. त्याने हात काढून घेतला. ते मात्र लगेच गेलं नाही. मधलं बोट एकदा फळीवर वाजलं, अगदी हलकं, आणि मग ते उजेडातून बाजूला झालं.

वेंडेलने दिवा ओढून काढला नाही. वायर भिंतीतून उपटली आणि तशीच टाकून तो बाहेर बर्फात जाऊन उभा राहिला.

५

सिल्व्हर एल्मचा रंगारी अजून हयात होता. ऑन्ड्रे हुडाक, वय एक्याण्णव, मुक्काम वृद्धाश्रम. वेंडेल पोचला तेव्हा जेवणं चालू होती. कोबी घातलेल्या शेवया होत्या, रेडिओवर पोल्का नाचाची गाणी लागली होती आणि हुडाक एकटा खिडकीच्या टेबलावर बसून बिनमिठाच्या स्वयंपाकाला स्लोव्हाकमध्ये शिव्या देत होता.

वेंडेलने आपली ओळख सांगितली. राखाडी घोडा आपल्याकडे आहे म्हणाला.

"खोगीर बघितलंस?" हुडाकने विचारलं.

"कोरं आहे."

"असणारच. चौतीस वर्षं त्याच्या गळ्यात नादुरुस्त म्हणून पाटी होती. मीच अडकवायचो."

"त्याचं बिघडलेलं काय होतं?"

हुडाकने एक घास सावकाश खाल्ला. "मुलं बसली की टाचा मारतात ना?"

"मारतातच."

"याला टाच मारली की आतूनही एक बसते. आणि वर एक जास्त." त्याने पाव मोडला. "पहिल्या वर्षी एक मुलगी बसली होती. एकच. त्यानंतर पाटी."

त्या मुलीचं काय झालं, हे वेंडेलने विचारलं नाही आणि हुडाकने सांगितलं नाही. मग बसूच द्यायचं नव्हतं तर दर हिवाळ्यात रंग कशाला, एवढंच त्याने विचारलं.

"रिकामा राहिला की ठोकत बसायचा. रंग दिला की तोही रंग देत बसतो. त्याला काम लागतं, माझ्यासारखंच. इथे मला कुणी साधं कुंपणसुद्धा रंगवू देत नाही."

"तो म्हणजे कोण?"

"मी विचारलं नाही. तूही नको विचारू." मग म्हाताऱ्याने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. वेंडेलच्या नखांत रंग होता. "तू त्या संग्रहवाल्यांपैकी. किती थर ठेवलेस?"

"एकही नाही."

"लाकूड घासलंस?"

वेंडेलने मान हलवली. हुडाकने काटा ताटात ठेवला.

"घरी जा आणि रंगवायला लाग," तो म्हणाला. "मी चौतीस दिले, तेव्हा कुठे तो गप्प झाला. तेवढे पुरतात. त्याहून कमी पुरतात का, ते मी कधी करून बघितलं नाही."

परतीच्या वाटेवर वेंडेलने सगळा विचार केला. गावाला घोडा देणं आता शक्य नव्हतं. पहिल्याच मुलाच्या पहिल्याच टाचेला ते पोस्टकार्ड फुटलं असतं. कुऱ्हाड घालावी, तर बाहेरून एक घाव म्हणजे आतून दोन. जाळावा, तर आतून कोण काय पेटवील, हे त्याला मनातही आणवेना. आणि नुसता सोडून जावा, तर इतके दिवस खरवडायला शिकलेलं ते रिकाम्या हाताने बसणार नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सत्तावीस वर्षं घोडा चादरीखाली गप्प उभा होता, आणि वेंडेलने त्याला स्वतःच्या हाताने जागं केलं होतं.

६

त्याने रंगवायला घेतलं. तेलरंगाचा थर ओहायोच्या थंडीत वाळायला दोन आठवडे घेतो. पहिला थर देताना आतून ब्रशचा आवाज आला, ओला आणि मऊ, आणि वेंडेल इतका थकलेला होता की त्याला त्या आवाजाने बरंच वाटलं. आत दिवा लावून पाहिलं तर पहिल्या थराला लाकूड उजळलं, दुसऱ्यालाही उजळलं. तिसऱ्याला जरा कमी.

प्रुइटबाईंना त्याने लाकूड सडलंय म्हणून कळवलं. त्या हळहळल्या आणि दुसऱ्या गावाहून घोडा आणायच्या मागे लागल्या. तो प्रश्न सुटला. इडेलाचा सुटत नव्हता.

मार्चच्या शेवटी तिच्या बॅगा भरून दारात उभ्या राहिल्या, तेव्हा त्याने जेवताना सहज बोलल्यासारखं सांगितलं, की तू पुढे हो, मी महिन्याभरात मागून येतोच. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात इडेलाला त्याचं खोटं ओळखणं कधीच जड गेलं नव्हतं.

निघायच्या दिवशी ती ओव्हरकोट घालून सरळ वर्कशॉपमध्ये आली. मनाईबिनाई काही नाही. घोड्यासमोर उभी राहिली. फिरताना लोकांना दिसते ती त्याची उजवी कूस, कोरीव गुलाबांची, आणि डावी अगदी साधी. रंगाचा चौथा थर अजून चमकत होता.

"यासाठी?" ती म्हणाली, आणि तिला खोकला सुटला. ती वाकली, मानेला धरून उभी राहिली. खोकला आवरला, शीळ वाजली, शांत झालं.

मग घोड्याच्या पोटात कुणीतरी खोकलं. तिचाच खोकला, तेवढाच लांब, शेवटी तीच बारीक शीळ. आणि त्यानंतर आणखी एक.

इडेलाने मानेवरचा हात काढला नाही.

"हे कधीपासून?" तिने विचारलं.

"जानेवारीपासून."

"आणि तू इथे एकटा बसतोस याच्याजवळ."

वेंडेलने तिला सगळं सांगितलं. फार शब्द लागले नाहीत. शेवटी तिने एवढंच विचारलं, "थर किती द्यायचे?"

"चौतीस तरी. दोन आठवड्यांना एक."

"म्हणजे पुढचा हिवाळा इथेच."

"माझा. तुझा नाही. गाडी अर्ध्या तासात येईल, लिओरा तिकडे वाट बघतेय. इडेला, तू मला जिवंत हवी आहेस." हे असं तो तिच्याशी आयुष्यात कधी बोलला नव्हता.

"माझा खोकला इथे राहिला आणि मी तिकडे उन्हात बसू?" तिने ओव्हरकोटाची बटणं सोडली आणि कोट खिळ्याला अडकवला. "दुसरा ब्रश कुठाय? गुलाबांची बाजू मला दे. तुझा हात जड आहे."

त्याने हात जोडले, डॉक्टरांचं नाव काढलं, शेवटी ओरडलासुद्धा. ती ब्रश हुंगून बघत होती, नीट धुतलाय का म्हणून. त्या दिवशी पहिल्यांदा आतून दोन ब्रशांचा आवाज आला.

७

इडेला पुढच्या फेब्रुवारीत गेली. सत्ताविसावा थर अर्धा झाला होता.

लिओरा आली, अंत्यविधीचं सगळं तिने केलं, आणि जाताना म्हणाली, घर अजून रिकामं आहे, तू तरी ये. वेंडेल हो म्हणाला. नऊ दिवस त्याने वर्कशॉपचं दार उघडलं नाही. दहाव्या दिवशी उघडलं, कारण राहिलेले थर तर कुणीतरी द्यायलाच हवे होते. तो साध्या बाजूला स्टूल ओढून बसला आणि रंगवू लागला.

आतून त्याचा ब्रश सुरू झाला. मग पलीकडून, गुलाबांच्या बाजूने, जिथे आता कुणी बसलेलं नव्हतं, तिथून दुसरा सुरू झाला. हलका हात. पाकळ्यांपाशी थांबत, कड सांभाळत, पुन्हा पुढे. वेंडेलचा ब्रश हवेत राहिला. तो थांबला तसे एकेक हात जास्त मारून आतले दोन्ही थांबले. त्याने पुन्हा ब्रश टेकवला आणि दोन्ही पुन्हा सुरू झाले.

चौतीस थर मे महिन्यात पूर्ण झाले. त्याने भोकातून दिवा सोडून पाहिला. कूस काळीठिक्कर होती, उजेडाचा ठिपकाही नाही. हुडाकने सांगितलं तेवढं सगळं झालं होतं. आता निघायला हरकत नव्हती. दुपारी लिओराचा फोन आला, तेव्हा पुढच्या आठवड्यात निघतो असं तो म्हणाला, आणि ते म्हणताना त्याला ते खरंच वाटत होतं.

फोन ठेवून तो वर्कशॉपमध्ये गेला. गुडघे कुरकुरत होते. खांदा वर जात नव्हता, म्हणून त्याने ब्रश डाव्या हातात घेतला, आणि पस्तिसाव्या थराचा डबा उघडून पलीकडच्या, गुलाबांच्या बाजूला कान देऊन बसला.